फोटोसोबत त्याची गोष्टही पाठवा



हल्ली आपल्या सगळ्यांच्याच फोनमध्ये सकाळपासून फोटो येत असतात. कुणाच्या घरचे बारसे, कुणाची शिखरजीची यात्रा, अभिषेकाचे वीस-बावीस फोटो, कुंडीतला जास्वंद, नातवाचे पहिले पाऊल. आपण हात जोडलेले चिन्ह टाकतो आणि पुढे सरकतो. संध्याकाळी कुणी विचारले की आज काय पाहिलेस, तर सांगता येत नाही. फोटो पुष्कळ आले, पण त्यांच्यासोबत शब्द एकही आला नाही.

मी कॉमर्सची. रोजकीर्दीची नोंद शिकवताना आमचे सर एका गोष्टीवर अडून बसत. नावे-जमा बरोबर असले, आकडे जुळले, तरी नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहिले नसेल तर मार्क कापायचे. तेव्हा ते जाचक वाटे. पण त्यामागचे कारण सरळ होते. आकडा वहीत राहतो, तो कशापायी आला हे मात्र चार वर्षांनी कुणाला आठवत नाही. फोटोचेही अगदी तसेच आहे. फोटो म्हणजे नोंद, आणि त्याची गोष्ट म्हणजे खालचे स्पष्टीकरण. आज माझे म्हणणे एवढेच आहे की स्पष्टीकरणाशिवाय फोटो पुढे पाठवू नये. काही फोटोंच्या बाबतीत तर ते पाठवणे अन्यायाचे होते.

आधी साधे उदाहरण घेऊ. आपल्या शकुंतला रेल्वेचे फोटो दर काही दिवसांनी फिरत असतात. इवलीशी गाडी, दोन्ही बाजूंना गवत, आणि खाली काहीच नाही. पाहणाऱ्याला ते खेळणे वाटते. आता त्याच फोटोखाली चार ओळी लिहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरचा हा अरुंद रूळ 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टाकला गेला, तो मुख्यतः आपल्या भागातला कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत नेण्यासाठी. गाडी दारव्हा, कारंजा करत जाई. 1994 पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, आणि आता बंद पडली आहे. कारंजा म्हटले की आपल्यापैकी कितीजणींना तिथली जुनी मंदिरे आठवतील, आश्रमात शिकलेले काका-मामा आठवतील. कुणाची सासू याच गाडीने माहेरी गेली असेल, डब्यात भाकरी आणि मुगाचे लाडू बांधून, सूर्यास्ताआधी जेवण व्हावे म्हणून घड्याळाकडे पाहत. ती गोष्ट लिहिली की फोटो आपल्या घरचा होतो. नाही लिहिली तर तो कुणाचाच नसतो.

ही झाली आठवणीची बाजू. पण गोष्ट नसल्याने खरे-खोटेही बिघडते, आणि तिथे आपल्या धर्माने शिकवलेले कामास येते.

2018 चा नोव्हेंबर आठवा. पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीला 2 तारखेच्या रात्री गोळी घालून मारले. दुसऱ्या दिवसापासून तिचे फोटो सगळीकडे गेले. आपण अहिंसा मानणारी माणसे. मेलेली वाघीण आणि तिची मागे राहिलेली दोन पिल्ले, हे ऐकून आपल्या पोटात कालवले, ते योग्यच होते. पण त्याच दोन-अडीच वर्षांत त्या गावांमधली 13 माणसे गेली आणि त्यांतल्या बऱ्याच मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. वावरात एकटीने निंदायला जायचे कसे, गुरे चारायला पोराला पाठवायचे कसे, हा प्रश्न तिथल्या बायांना रोज पडत होता. त्यांचा फोटो आपल्यापर्यंत किती आला? शहरातल्या माणसाने वाघिणीचा फोटो पाहिला, गावातल्या माणसाने घरातला रिकामा पाट पाहिला. दोघेही खरे बोलत होते आणि दोघेही एकमेकांना निर्दयी म्हणत होते.

आपल्याकडे याला फार सोपा शब्द आहे. प्रत्येक फोटो हा एक नय आहे. तो एका जागी उभे राहून, एका क्षणी, एका बाजूने पाहिलेले दाखवतो. तेवढे खरे असते, पण तेवढेच संपूर्ण सत्य आहे असे म्हटले की चूक सुरू होते. अनेकांतवाद आपण पाठशाळेत पाठ केला, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मुलांना सांगितली. मग फोनवर आलेल्या फोटोला तो का लावू नये? फोटोसोबत दोन ओळी असल्या, की हा कुठला, कधीचा, कुणी काढला, त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते, तर पाहणाऱ्याला कळते की ही एक बाजू आहे. दुसरी बाजू विचारायला जागा राहते.

आता जे मला मनापासून सांगायचे आहे ते सांगते.

आपला यवतमाळ जिल्हा बाहेरच्या जगाला एका फोटोने माहीत आहे. कुडाचे किंवा मातीचे घर, दारात बसलेली बाई, आणि तिच्या हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो. वर्तमानपत्रात, मासिकात, टीव्हीवर, गेली वीस-पंचवीस वर्षे हाच फोटो. बाई बदलते, फ्रेम तीच. तो फोटो खोटा नाही. कापसाच्या या मुलखात शेतकऱ्यांनी जीव दिले, 2017 मध्ये पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली, हे आपल्या डोळ्यांसमोर घडले. ते झाकावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या फोटोतल्या बाईचे नाव किती वेळा छापले गेले? ती नंतर काय करते, किती एकर वाहते, सावकाराचे फेडले का, पोरगी कितवीला आहे, हे किती जणांनी विचारले? फोटो काढणारा गेला आणि ती बाई कायमची ‘विदर्भातली विधवा’ होऊन बसली.

म्हणून 11 जानेवारी 2019 हा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या यवतमाळात 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी आधी नयनतारा सहगल यांना बोलावले होते, ते निमंत्रण मागे घेतले गेले आणि मोठा वाद झाला. शेवटी उद्घाटन केले आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या, ‘तेरवं’ या नाटकात काम केलेल्या. वादाचे काय ते असो. पण ज्या बाईला एरवी दारात बसवून तिचा फोटो काढला गेला असता, ती त्या दिवशी व्यासपीठावर उभी राहून स्वतःच्या तोंडाने बोलली. लोकांनी तिला आधी ऐकले, मग तिचा फोटो काढला. त्या दिवशीच्या फोटोखाली तिचे नाव होते आणि तिचे म्हणणेही होते. फोटोसोबत गोष्ट असण्याने काय फरक पडतो, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

आणि इथे आपल्या महिला मंडळांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मंडळे चांगली कामे करतात. शिलाई मशीन देतात, शाळेच्या वह्या देतात, थंडीत ब्लँकेट वाटतात. पण त्या फोटोंकडे एकदा नीट पाहा. मधोमध एक बाई, खाली मान घालून. तिच्या भोवती दहा-बाराजणी, एकसारख्या साड्या, सगळ्यांचे हात त्या मशीनवर. खाली देणगीदारांची नावे सविस्तर. घेणारीचे नाव नाही, असलेच तर ‘गरजू महिला’. शास्त्रात दान देताना घेणाऱ्याचा आदर सांगितला आहे, आपल्या घरांत गुप्तदानाची परंपरा आहे. मग घेणारीला तिच्या अडचणीच्या दिवशी सगळ्या गावासमोर उभी करण्यात कोणता आदर?

हिशेबासाठी पुरावा लागतो, देणगीदारांना दाखवावे लागते, असे पदाधिकारी म्हणतील. खरे आहे. पावती दाखवा, मशीनचा फोटो दाखवा. आणि सहा महिन्यांनी त्या बाईकडे जा. तिने शिवलेले ब्लाउज दोरीवर लटकत असतील, दिवाळीची गर्दी असेल. तिला विचारा, तुझा फोटो काढू का, काय लिहू. ती हो म्हणाली तर तो फोटो टाका, तिच्या नावासह, तिच्या शब्दांत. नाही म्हणाली तर ब्लाउजचाच टाका. तो फोटो पाहून पुढची देणगी जास्त येईल, असे मला तरी वाटते.

‘विचारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या पाच व्रतांत अचौर्य आहे, आणि आपल्याकडे चोरीची व्याख्याच अशी की जे दिलेले नाही ते घेणे. चेहरा ही ज्याची त्याची वस्तू आहे. न विचारता कुणाचा चेहरा घेतला आणि शंभर घरी वाटला, तर ते अदत्तादानाच्या जवळच जाते. काही मुनिराजांना, माताजींना फोटो चालत नाही, तरी आपण आहाराच्या वेळी फोन पुढे करतोच. आजारी माणसाच्या नळ्या लावलेल्या चेहऱ्याचा फोटो ‘लवकर बरे व्हावे’ म्हणून फिरतो. सल्लेखनेत असलेल्या आजींचा शेवटच्या दिवसांतला देह फोटोत फिरतो. अनुमोदना करावी, जरूर करावी. पण ज्या आजींनी जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना त्या अवस्थेत अनोळखी फोनमध्ये पाठवण्याआधी क्षणभर थांबावे. त्यांचा हसऱ्या दिवसांतला एक फोटो आणि त्यांच्या त्यागाची चार वाक्ये, यांनी जास्त अनुमोदना होईल.

फोटो हे आपले काम नव्हे, हे आजकालचे खूळ आहे, असेही काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांना राजा दीनदयाळ यांचे नाव सांगावे. 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधना गावी जैन कुटुंबात जन्मलेले. रुडकीला अभियांत्रिकी शिकले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले, तिथे कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्या काळी आपला वऱ्हाडही नावाला निजामाचाच होता, कारभार इंग्रजांचा. दीनदयाळांनी 1892 मध्ये हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांना संकोच वाटू नये म्हणून तिथे फोटो काढायलाही बाईच होती. सव्वाशे वर्षांपूर्वी, जड काचेच्या पट्ट्यांवर फोटो काढण्याच्या काळात, समोर बसणारीला काय वाटेल याचा विचार करणारा माणूस होता. आपल्या हातात तर खिशात मावणारा फोन आहे. आपल्याला विचारायला दोन सेकंद लागतात.

आता थोडे आपल्या घरातल्या जुन्या फोटोंकडे वळू. काळ्या पानांचा, मध्ये पातळ कागद घातलेला अल्बम पुष्कळ घरांत असेल. त्यात एकत्र कुटुंबाचा फोटो असतो. पुढे खुर्च्यांवर आजोबा, काका, पाहुणे. मागे उभ्या बायका. पाठीमागे नावे लिहिलेली असली तर पुरुषांची असतात आणि बायकांपाशी ‘मंडळी’ म्हणून विषय संपतो. नावे लिहिलीच तर सासरची. आपल्यापैकी कितीजणींचे नाव लग्नात बदलले, ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून? आपल्या आईचे माहेरचे नाव आपल्याला माहीत असते. आजीचे? पणजीचे? माझ्या ओळखीत अनेकजणी इथेच अडखळतात. लग्नाआधीचा आजीचा एखादा फोटो घरात असेल तर तिच्या त्या आधीच्या आयुष्याची ती एकच खूण उरलेली असते. त्याची गोष्ट सांगणारे माणूस गेले की ती खूणही मुकी होते.

बायकांची नावे पुसली जाणे फोटो काढणाऱ्या बायकांनाही चुकले नाही. होमाई व्यारावाला या नवसारीच्या पारशी बाई, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापून येत. पुढे त्यांना 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या नव्वदीच्या पलीकडे होत्या. म्हणून फोटो कुणी काढला हेही लिहावे, मग तो सुनेने स्वयंपाकघरात काढलेला पापडांचा फोटो का असेना.

हे करणारी माणसे आहेत, आणि त्यांचे काम पाहण्यासारखे आहे. अनुषा यादव यांनी 2010 मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात साध्या घरांतले जुने फोटो आहेत, आणि प्रत्येकाखाली घरच्याच कुणीतरी सांगितलेली गोष्ट. कुणाच्या आजीची, कुणाच्या फाळणीत सुटलेल्या घराची. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये ‘पारी’ नावाचा ग्रामीण भारताचा संग्रह सुरू केला. त्यात आपल्या यवतमाळचे पुष्कळ आहे, आणि मराठीत वाचायला मिळते. तिथे साध्या माणसांच्या चेहऱ्यांचा एक वेगळा विभाग आहे. चेहरा, नाव, काम, गाव, जिल्हा. एवढ्याने तो माणूस माणूस होतो. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत काढलेल्या कष्टकरी बायकांच्या फोटोंचे प्रदर्शनही तिथे आहे. काम सगळ्यांना दिसते, ते करणारी बाई दिसत नाही, असा त्याचा आशय. कापूस वेचताना, शेण गोळा करताना, वीटभट्टीवर. ते पाहताना मला वाटले, की आपल्या घरातल्या बायकांच्या कामाचे असे फोटो आपण कधी काढले का? सणाच्या फोटोत आपण नटून उभ्या असतो. पाणी गाळताना, धान्य निवडताना, पापड लाटताना फोटो काढायचे आपल्याला सुचत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो आपल्या धर्माचाच आहे. एवढे फोटो, एवढे लिहिणे, हा परिग्रह नव्हे का? आणि स्वतःची गोष्ट जगाला सांगणे हा मान कषाय नव्हे का? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे, की परिग्रह आज फोनमध्ये आहेच, हजारोंनी. एकाच अभिषेकाचे बावीस फोटो ठेवणे हा परिग्रह. त्यांतला एक निवडणे, एकवीस पुसणे आणि त्या एकाखाली लिहिणे, हे परिग्रह कमी करणे आहे. लिहायला बसले की आपोआप कळते की कोणत्या फोटोला सांगण्यासारखे काही आहे आणि कोणता नुसता मिरवण्याचा आहे. मानाचेही तसेच. ‘मी’, ‘माझी साडी’, ‘माझी यात्रा’ असे लिहिले तर मान वाढेल. ‘या आजींनी यात्रेत सगळ्यांना पाणी गाळून दिले’ असे लिहिले तर तो गळेल.

काय लिहायचे, असे पुष्कळजणी विचारतात. लेखिका असायची गरज नाही. फोटोतल्या माणसांची नावे, डावीकडून उजवीकडे, बायकांची माहेर-सासर दोन्ही. गाव आणि साल, नक्की नसेल तर ‘धाकट्याच्या मुंजीच्या वयाला’, ‘मोठ्या दुष्काळाच्या आसपास’ असेही चालेल. फोटो कुणी काढला. आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट, म्हणजे त्या दिवशी कोण रागावले होते, काय शिजले होते, कोण यायचे राहिले. लहान मुलांच्या बाबतीत मात्र शाळेचे नाव, घराचा पत्ता लिहू नये. गोष्ट सांगावी, ठिकाण सांगू नये.

जुन्या कागदी फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला लिहा. फोनने त्याचा फोटो घ्यायचा तर खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फ्लॅश बंद करून घ्या.

पावसाळ्यात पर्युषणाच्या दिवसांत दुपारी आपण एकत्र बसतोच. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत वयस्कर बाईपाशी एक जुना फोटो घेऊन बसा. आधी विचारा, ‘आजी, तुमचे माहेरचे नाव काय होते?’ मग त्या बोलतील तसे लिहून घ्या. त्यांना वाचून दाखवा, पाठवू का म्हणून विचारा, आणि त्या हो म्हणाल्या की मगच पाठवा. एका पर्युषणात एक फोटो झाला तरी पुरे.

जय जिनेंद्र.